किल्ली टॅन्सींच्या घरी मिळेल

फाटकावरच्या हिरव्या पाटीवर
कायदा आहे, कलम आहे, दंडाची धमकी आहे,
आणि अगदी खाली, नंतर कुणीतरी ब्रशनं लिहिलेलं:
किल्ली टॅन्सींच्या घरी मिळेल.

टॅन्सी म्हणजे आता मीच. डिम्फना.
या आत, मिस्टर मुलहर्न, बूट राहू द्या,
इथला चिखल सगळ्यांच्या ओळखीचा आहे.
पत्र मिळालं तुमचं. दोनदा वाचलं.
एरवी डब्लिनहून पाकीट येतं ते वर्षातून एकदा,
आत चेक, एवढासा,
की बँकेतली पोरगी विचारते, हे कशाचं हो?
मठाचं, म्हणते मी.
तिला वाटतं, मी देणगी देते.

ती बघा किल्ली, पावाच्या डब्यावर, खिळ्याला.
वीतभर लांब. जानेवारीत हाताला डसते.
किती जणांना दिली, वहीत आहे.
अमेरिकेतून आलेला एक टॅन्सी
भलत्याच थडग्यापाशी गुडघे टेकून रडला.
मी बोलले नाही काही.
थडगं चुकलं होतं, रडणं नव्हतं.

सासूच्या वेळी तुमच्या खात्याची माणसं आली,
सिमेंटनं सगळे सांधे भरून गेली.
शंभर वर्षं बघायला नको, म्हणाली.
सिमेंटखाली दगडाला श्वास घेता येईना,
तो आतून भुगा व्हायला लागला.
मग माझ्या वेळी तुमच्याच खात्याची दुसरी माणसं
दोन उन्हाळे छिन्नीनं तेच सिमेंट उकरत बसली,
चुना भरला, वर ओलं गोणपाट टाकलं.
पहिल्यांना चहा सासूनं दिला, दुसऱ्यांना मी.
चहाचं कलम नाही कुठे.

आयव्ही उपटायला आले तेव्हा कॉर्मक म्हणाला,
भिंतीनं वेल धरलीय की वेलीनं भिंत,
ते आधी बघा.
त्यांनी नोंद घेतली.
उत्तरेची भिंत मार्चमध्ये बसली.

राग नाही हो.
तुम्ही नसतात तर एव्हाना अख्खा मठ
गावातल्या गोठ्यांत विखुरला असता.
आमच्याच गोठ्याच्या चौकटीत एक संत आहे,
डोकं खाली, पाय वर,
गाई त्याला पाठ घासतात.
तिकडे बघू नका. बघितलंत तर लिहू नका.
किंवा लिहा.
नाहीतरी नाक गेलंय त्याचं.

कॉर्मक आत आहे, पूर्वेच्या खिडकीखाली.
तेव्हा हक्क होता आमचा.
नंतर नियम आला, जमीन उकरायची नाही,
जमिनीतही इतिहास असतो.
असतोच की. माझा तर सहा फुटांवर आहे.
अर्ज केला मी. चार महिन्यांनी उत्तर आलं,
फार अदबीनं लिहिलेलं:
पुरातत्त्वीय थरास बाधा पोहोचेल.
म्हणजे माझा नवरा आता थर झाला.
मला हमरस्त्यालगतच्या नव्या दफनभूमीत जागा आहे.
तिथे पार्किंग आहे, म्हणतात.

तर नवं कुलूप आकड्यांचं,
आणि आकडे फोनवर येणार.
इथे फोन लागत नाही.
लागतो, पण त्या डबक्यापलीकडच्या दगडावर चढून.
पाटीवर तेवढं लिहून टाका.

पावती कशाला? बरं, द्या. सही कुठे करू?
घ्या. दोन्ही हातांनी घ्या, जड आहे.
खिळा राहू द्या मात्र. भिंत रंगवताना कॉर्मकनं
किल्ली काढलीच नव्हती,
भोवतीनं रंग फिरवला होता.

आणि एक.
कुलूप कुठलंही लावा, दार तेच राहणार ना?
नुसतं ढकललंत तर अडेल.
आधी खांदा लावायचा, किंचित वर उचलायचं,
मग आत.
तुमच्या फाईलमध्ये नसेल ते.
कॉर्मकची पेटी घेऊन सहा जण उंबऱ्याशी उभे होते,
पाऊस पेटीवर पडत होता,
आणि कुणालाच दार उघडेना.
मीच पुढे झाले. खांदा लावला.
उचललं.